फ्लेक्सचा रंग उन्हात विटतो, त्यावर खात्रीचा उपाय काय?

वाचनवेडा
सोलापुरातल्या एका वाचनालयासाठी नवा फलक करायचा आहे. जुन्याची कुंडली अशी: १० × ४ फूट, ४४० जीएसएम (चौरस मीटरला ४४० ग्रॅम वजनाचा) फ्रंटलिट (समोरून उजेड पडणारा) फ्लेक्स, साधी सोल्व्हंट (द्रावकातल्या शाईची) छपाई, पश्चिमेच्या भिंतीवर एक इंची पाइपच्या चौकटीत ताणलेला. भगवी पार्श्वभूमी, लाल अक्षरांत नाव, खाली काळ्यात वेळापत्रक. सहा महिन्यांत भगव्याचा फिकट गुलाबीसर रंग झाला आणि लालाचा राणी गुलाबी. काळं मात्र जसंच्या तसं. ग्रंथपालांचा फोटो निळसर पडलाय.

प्रश्न तीन. जुन्यावर क्लिअर लॅकर मारून काही साधेल का? नव्यासाठी ५१० जीएसएम घेतला तर रंग जास्त टिकेल का? आणि फ्लेक्सवर यूव्ही लॅमिनेशन (अतिनील किरण अडवणारा पारदर्शक थर) होतं का? दुकानदार ‘गॅरंटी’ म्हणतो, पण कशाची ते सांगत नाही.

चावडीकर
ग्रंथपाल निळे पडले म्हणजे फलकाने पुराणंही वाचलेली दिसतात.

शाईघर
तीनही प्रश्नांच्या आधी, रंग असा का बदलतो ते बघा, म्हणजे अर्धी उत्तरं तिथेच मिळतील.

फ्लेक्सवर चार शाया पडतात: निळी (सायन), मॅजेंटा, पिवळी, काळी. चारींचं उन्हातलं आयुष्य सारखं नसतं. काळी म्हणजे काजळी, कार्बन. तिला ऊन काही करत नाही. सायनमध्ये फ्थॅलोसायनिन रंगद्रव्य असतं, तेही दणकट. मॅजेंटा चांगल्या शाईत क्विनाक्रिडोनचा असतो आणि बऱ्यापैकी टिकतो. स्वस्त शाईत तो हलक्या रंगद्रव्यावर भागवलेला असतो. सगळ्यात कच्चा गडी पिवळा. आता हिशोब करा. लाल म्हणजे मॅजेंटा १०० + पिवळा १००. पिवळा गेला की उरतो राणी गुलाबी. भगवा म्हणजे पिवळा १०० + मॅजेंटा ५०-६०. पिवळा उडाला, मॅजेंटाही अर्धा गेला, की तुम्ही म्हणता तो फिकट गुलाबीसर. चेहऱ्याच्या रंगातून पिवळा आणि मॅजेंटा वजा केले की माणूस निळा. गावोगावच्या शुभेच्छा फलकांवर मे महिन्यात सगळे एकाच कुळातले दिसतात ते यामुळे.

म्हणून छापणाऱ्याला ‘शाई चांगली आहे ना?’ असं मोघम विचारू नका. ‘पिवळी आणि मॅजेंटा कुठल्या कंपनीची, मूळ कॅनची की सुट्टी भरलेली?’ असं विचारा.

आडवा_पाना
जीएसएमबद्दल माझं मत उलट आहे. २२० चा पातळ फ्लेक्स आणि ४४० चा जाड एकाच चौकात लावून बघा, पातळ आधी पांढरा पडतो. जाड माल घ्यावा.

शाईघर
@आडवा_पाना, पातळ आधी पांढरा पडतो हे खरं, पण त्याचं कारण जाडी नाही. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. त्यातून कापडाची ताकद, फाटण्याचा विरोध, वाऱ्यातला टिकाव कळतो. शाईचा थर वरच बसतो. खाली २२० आहे की ५१० हे त्याला कळतही नाही. मग पातळ का विटतो? २२० चा माल मुख्यतः आठवड्याभराच्या कामासाठी मागितला जातो, म्हणून तो दोन पासमध्ये (छपाईच्या डोक्याच्या दोन फेऱ्यांत) भर्रकन छापतात. शाई कमी, थर विरळ. तोच २२० चार पासमध्ये नीट शाईने छापा आणि ४४० दोन पासमध्ये; पातळ जास्त टिकेल.

नेमस्त
+१. एक भर: फ्लेक्सचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडवर असतो. रुटाइल प्रकारचं असेल तर टिकतं. अ‍ॅनाटेस वापरलं असेल तर उन्हात पृष्ठभाग भुकटीसारखा सुटतो आणि शाई त्या भुकटीबरोबर निघून जाते. हे बाहेरून बघून कळत नाही, पण वापरलेल्या फ्लेक्सवर कळतं:

ओला पांढरा सुती कपडा घ्या आणि विटलेल्या भागावर बोटाने दाबून दहा वेळा घासा. कपड्यावर रंग आला तर शाईचा बांधा सुटलाय, म्हणजे शाई किंवा सुकवण खराब. कपड्यावर पांढरी पूड आली तर फ्लेक्सच भुकटतोय. कपडा स्वच्छ राहिला आणि तरी रंग गेलेला, तर तो निव्वळ उन्हाचा प्रताप. तीन आजार, तीन औषधं. वाचनवेडा, आधी हे करून सांगा.

वाचनवेडा
केलं. कपडा जवळजवळ स्वच्छ, थोडी धूळ. म्हणजे ऊन.

सावलीवाला
मग दिशेकडे या. पश्चिमेची भिंत आणि वर छज्जा, एवढं पुरेसं वाटतं लोकांना. पण आकडे बघा. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर. एप्रिलच्या मध्यात दुपारी चारला सूर्य बरोबर पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे ३८ अंश वर. एक फुटाच्या छज्जाची सावली भिंतीवर ९ इंच पडते. पाच वाजता सूर्य २४ अंशांवर, सावली साडेपाच इंच. ४ फुटी फलक चारला पूर्ण झाकायचा तर छज्जा ५ फूट बाहेर हवा. मंडप म्हणा त्याला.

दक्षिणेच्या भिंतीचं गणित वेगळं. २१ मार्चच्या आसपास दुपारी एक फुटाचा छज्जा ३ फूट सावली देतो. डिसेंबरात तीच सावली सव्वा फुटाच्या आत येते. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिण भिंतीवर थेट ऊन येतच नाही. शून्य सावलीचे दोन दिवस आठवा, त्यांच्या मधला काळ तो.

म्हणजे पसंतीचा क्रम: उत्तर, मग छज्जा असलेली दक्षिण, मग पूर्व, आणि सगळ्यात शेवटी पश्चिम. पूर्व-पश्चिमेला ऊन जवळपास सारखंच, पण पश्चिमेला ते येतं तेव्हा हवा आणि भिंत आधीच तापलेली असते, आणि उष्णतेने रंगद्रव्याची मोडतोड वेगाने होते.

कोकणी_रंगारी
उत्तरेला लावला म्हणून निर्धास्त राहू नका. स्वच्छ आकाशातही अतिनील किरणांचा मोठा वाटा थेट सूर्याकडून न येता आकाशभरातून पसरून येतो. सावलीतला फलक सावकाश विटतो एवढंच.

आणि फलक जरासा खाली झुकवून लावा. चार-पाच अंश पुढे कलला तरी आकाशाचा तेवढा भाग कमी दिसतो आणि धूळही कमी बसते. उलट, दुकानाच्या उतरत्या पत्र्यावर आडवे टाकलेले फलक सगळ्यात लवकर मरतात. फिल्म बनवणाऱ्या कंपन्या टिकाऊपणाचे आकडे देतात ते उभ्या फलकाचे, म्हणजे उभ्यापासून दहा अंशांपर्यंत कललेल्याचे. आडव्याला आयुष्य कमी धरतात. गरम प्रदेशाला वेगळा, छोटा आकडा असतो. पत्रकावर ‘५ वर्षे’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा युरोपच्या मध्यम हवामानाचं.

चावडीकर
म्हणजे सोलापूरची पाच वर्षं म्हणजे म्युनिकचे किती उन्हाळे? हे गणित दहावीला घाला.

पिक्सेलपंत
डिझाइनमध्ये फार काही वाचवता येतं आणि त्याला पैसा पडत नाही.

फोटोतला करडा आणि काळा भाग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या त्या चार शायांत) बदलताना तीन रंग मिसळून तयार होतो. त्यातला पिवळा उडाला की करडा निळा दिसतो. रूपांतर करताना जीसीआर ‘हेवी’ किंवा ‘मॅक्झिमम’ ठेवा, म्हणजे तिन्ही रंगांतला समान करडा भाग काढून त्या जागी काळी शाई जाते. काळी टिकते, म्हणून चेहऱ्याची छाया आणि केस तरी जागेवर राहतात. एकूण शाई (चारी रंगांचे टक्के मिळून) २४० टक्क्यांच्या आसपास धरा. फ्लेक्सवर त्याहून जास्त ओतली तर सुकत नाही आणि चिकट राहते.

मजकूर फक्त के १०० मध्ये, म्हणजे निव्वळ काळ्या शाईत. चार रंगांचा ‘रिच ब्लॅक’ मोठ्या पट्ट्याला ठीक, अक्षरांना नको. पास जरा सरकला की कडा रंगीत दिसतात.

आणि लाल अक्षरं टाळा. ‘धोका’, ‘सावधान’, ‘प्रवेश बंद’ असे फलक लालात छापतात आणि वर्षभरात नेमका तोच शब्द गायब. खाली काळ्यात ‘हुकमावरून’ तेवढं ठळक उरतं.

रंगरेषा
पण भगवा हवाच असेल तर? वाचनालयाची ओळख त्या रंगाची असेल. ‘निळा करा’ हे उत्तर नाही झालं, पंत.

पिक्सेलपंत
बरोबर आहे. मग तो भगवा छापू नका, रंगीत फिल्मचा घ्या. प्लॉटरवर कापतात ती रंगीत व्हिनाइल. तिच्यात रंगद्रव्य वर शिंपडलेलं नसतं, पूर्ण जाडीत कालवलेलं असतं, आणि बाहेरच्या वापरासाठीचं निवडलेलं असतं. फरक दिसण्यासारखा पडतो.

मशीनमामा
आता लॅमिनेशनचा प्रश्न. थंड रोलरवर चढवायची फिल्म चौकटीत ताणलेल्या फ्लेक्सला मी सुचवणार नाही. फ्लेक्स वाऱ्यात फडफडतो, उन्हात लांबतो, थंडीत आखडतो. फिल्म त्या मापाने हलत नाही. घडी पडलेल्या जागेपासून फुगे धरायला लागतात आणि कोपऱ्यातून सुटते. सनबोर्ड (फोमची पाटी) किंवा एसीपीवर (दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली शीट) चिकटवलेल्या व्हिनाइलला फिल्म लॅमिनेशन उत्तम. फ्लेक्सला द्रव लॅमिनेट, म्हणजे लवचिक यूव्ही क्लिअर कोट.

पद्धत:

छपाई झाल्यावर फ्लेक्स २४ तास, पावसाळ्यात ४८ तास, उलगडून वाळवा. गुंडाळून ठेवलेला वाळत नाही. आत सोल्व्हंट अडकलेला असताना कोट मारला तर वर बारीक फोड येतात आणि शाई मऊ पडते.

धूळ सुक्या, लव न सुटणाऱ्या कपड्याने टिपा. थिनर, अ‍ॅसिटोन, स्पिरिट काही नाही. सोल्व्हंट शाई सोल्व्हंटनेच सुटते.

फोमचा रोलर, केसाळ नको. दोन पातळ हात. पहिला आडवा, दुसरा उभा. ओला थर ७५ मायक्रॉन धरला तर लिटरमध्ये एका हाताला सुमारे १३ चौरस मीटर. तुमचा १० × ४ म्हणजे ३.७ चौरस मीटर, दोन हातांना अर्ध्या लिटरहून थोडा जास्त. रोलर आणि ट्रेमध्ये जातो तो धरून पाऊण लिटर काढा.

पाण्यावर आधारलेला (वॉटर-बेस्ड) कोट असेल तर दमट हवेत काम करू नका, दुधाळ झाक राहते. आणि मारतानाच दोन्ही बाजूंच्या दुमडीच्या कडाही घ्या, पाणी तिथूनच शिरतं.

वाळल्यावर घडी घालायची नाही. तीन इंची नळीवर छपाई बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा. आत ठेवली तर थर दाबला जाऊन सुरकुततो.

आडवा_पाना
हार्डवेअरच्या दुकानातला लाकडावर मारायचा क्लिअर लॅकर चालेल की. निम्म्या पैशात होतं.

मशीनमामा
नाही चालत. त्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरमधला थिनर शाई ओढून काढतो, रोलर गुलाबी झालेला दिसेल. वाळल्यावर तो कडक होतो, आणि फ्लेक्स हलला की काचेसारखा तडकतो. वर स्वतःच पिवळा पडतो. गाडीचं सिलिकॉन पॉलिशही नको. चार दिवस चमक, मग त्यावर धूळ धरते आणि पुढे त्यावर काहीच चिकटत नाही.

वाचनवेडांचा पहिला प्रश्न यातच संपला. गेलेलं रंगद्रव्य गेलं. वरून काही मारून पिवळा परत येणार नाही.

नेमस्त
मामांच्या पद्धतीला माझी एक शंका. कोटमधलं यूव्ही शोषक स्वतः हळूहळू खर्च होतं, आणि रंग विटवण्यात दृश्य प्रकाशाचाही हात असतो, त्याला पारदर्शक कोट अडवूच शकत नाही. अडवला तर पारदर्शक कसला? म्हणजे कच्चा पिवळा कोटखालीही विटणार, जरा उशिरा. पैसे आधी शाईवर, मग कोटवर.

मशीनमामा
मान्य. क्रम तोच.

रंगरेषा
पुढे पॉलिकार्बोनेटची शीट लावली तर? यूव्ही थराची मिळते.

सावलीवाला
अतिनील चांगलं अडतं. पण शीट फ्लेक्सला टेकवू नका, किमान दोन इंच अंतर, वर आणि खाली हवेला फट. बंद केलं तर आत भट्टी होते, सकाळी दव धरतं. शीटची यूव्ही थराची बाजू बाहेर यायला हवी. वरच्या संरक्षक कागदावर छापलेलं असतं, तो कागद काढायच्या आधी मागे मार्करने खूण करा. उलटी लागलेली शीट स्वतःच पिवळी पडते. आणि चार वाजताचं ऊन तिच्यावरून असं चमकतं की समोरून फलक वाचता येत नाही.

चावडीकर
न वाचता येणारा पण न विटणारा फलक. सरकारी कामाला नमुना म्हणून पाठवा.

कोकणी_रंगारी
अवांतर: फलकाला वारा जावा म्हणून अर्धचंद्र कापतात, त्याचा उपयोग कितपत?

आडवा_पाना
फार थोडा. चार-सहा भोकांतून जाणारी हवा एकूण क्षेत्रफळाच्या मानाने किरकोळ, आणि प्रत्येक कापाच्या टोकाला फाटायची सुरुवात मिळते. वारा जायलाच हवा असेल तर जाळीचा मेश फ्लेक्स घ्या. नाहीतर कडा दीड इंच दुमडून गरम हवेने वेल्ड करा, आत नायलॉनची दोरी घाला, दर दीड-दोन फुटांवर आयलेट (दोरी ओवायची धातूची कडी). किनारपट्टीला पितळेची आयलेट, लोखंडी गंजून खाली तपकिरी ओघळ येतात. ताणायचं ते दुपारी, फ्लेक्स तापून सैल झाल्यावर. सकाळी ताणलेला दुपारी पोट सोडतो.

बाकी मोठ्या मापाला फ्लेक्सचा नाही, सांगाड्याचा विचार आधी. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला जो जाहिरातफलक कोसळला तो १२० × १२० फुटी होता, पालिकेची मर्यादा ४० × ४० असताना.

नेमस्त
पातळाचं एक राहिलं: १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीच्या पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. अगदी स्वस्तात कोणी काही कागदासारखं देऊ केलं तर मायक्रोमीटर लावून बघा.

शाईघर
दुकानदाराच्या ‘गॅरंटी’साठी साधी परीक्षा. ऑर्डर देण्याआधी त्याच्याच मशीनवर, त्याच पासवर एक फूट × चार इंचांची पट्टी छापून घ्या: सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा, लाल, हिरवा, भगवा, प्रत्येकाचा १०० टक्के आणि ४० टक्के चौकोन. प्रत्येक चौकोन अर्धा झाकला जाईल अशा रीतीने अर्ध्या पट्टीवर स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल दुहेरी घट्ट गुंडाळा. गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून, जमिनीशी साधारण १८ अंशांत कलती पाटावर ठोका. मार्च ते मे दरम्यान एक महिना. फॉइल काढा आणि मधली रेघ बघा. ४० टक्क्यांचे चौकोन आधी बोलतात, गडद चौकोन बराच काळ लपवतात. महिन्यात पिवळ्याच्या ४० टक्क्याला रेघ ठसठशीत दिसली तर ती शाई फक्त लग्नाच्या कमानीला चांगली.

दोन-तीन दुकानांच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठोकल्या तर वादच मिटतो.

रंगरेषा
वाखू (वाचनखूण) साठवली. ही पट्टी भारी आहे.

पिक्सेलपंत
मूळ प्रश्नावर येतो. वाचनालयाचा फलक वर्षानुवर्षे तोच, बदलतं ते वेळापत्रक. मग फ्लेक्सच का? दोन तुकडे करा.

वर नाव: ३ किंवा ४ मिमी एसीपी, भगव्या रंगात, पीव्हीडीएफ (उन्हात टिकणाऱ्या प्लास्टिकच्या) लेपाची. साध्या पॉलिएस्टर लेपाची आतल्या कामाला असते, ती बाहेर विटते. बिलावर ‘पीव्हीडीएफ’ लिहून घ्या. ८ × ४ ची शीट सगळीकडे मिळते, १० फुटांसाठी लांब शीट मागवा किंवा जोड नावाच्या दोन शब्दांच्या मध्ये घ्या. एकाच घाण्यातली शीट घ्या, नाहीतर दोन तुकड्यांची झाक वेगळी येते. त्यावर कास्ट (ओतून बनवलेल्या) व्हिनाइलची कापीव अक्षरं, काळी किंवा गडद निळी. देवनागरी कापताना शिरोरेषा एकसंध करून घ्या. कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) ‘वेल्ड’ केलं नाही तर प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर पातं जातं आणि वर्षभरात तिथून कड उचलते.

खाली वेळापत्रक: १० × १ फूट फ्लेक्स, पांढऱ्यावर के १००. ऊन त्याचं काही बिघडवत नाही, आणि वेळ बदलली की तेवढाच बदला. ग्रंथपालांचा फोटो आत लावा, सावलीत.

वाचनवेडा
हे पटलं. एसीपीचा भगवा वाचनालयाच्या जुन्या रंगाशी जुळतो का ते नमुन्याच्या तुकड्यावर उन्हात बघून ठरवतो. पट्टीची परीक्षा खालच्या फ्लेक्ससाठी करायची गरज आहे का मग?

शाईघर
नुसता काळा असेल तर ओल्या कपड्याची घासणी पुरे. दहा वेळा घासून कपडा स्वच्छ राहिला पाहिजे.

वाचनवेडा
आणि जुन्या ४४० चं काय करू? कापड अजून मजबूत आहे.

आडवा_पाना
कांद्याच्या ढिगावर किंवा सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्रीसारखा एखादा हंगाम निघेल. छपाईची बाजू वर, पांढरी मालाकडे. विटका रंग ओला होऊन मालाला लागायला नको. घडीवर बारीक तडे दिसायला लागले, कापड कडक वाजायला लागलं, की त्याला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर संपलं, मग पाणी धरणार नाही. आणि शेवटी जाळू मात्र नका, पीव्हीसीचा धूर हायड्रोक्लोरिक आम्लाचा असतो.

चावडीकर
गंजीवर टाकताना वेळापत्रकाची बाजू रस्त्याकडे करा. निदान सोयाबीनला कळेल, सोमवारी वाचनालय बंद.